डिप्परबरोबर विझणारे दिवे

गेल्या वर्षी आमच्या गॅरेजवाल्यांच्या याच दिवाळी अंकात माझ्यावर चार पानांचा लेख छापून आला. लेखक आमच्याच गॅरेजांच्या लाइनीतला तरुण मनुष्य आहे. त्याचा हेतू चांगला होता, भाषाही बरी होती. परंतु हेतू चांगला असला म्हणजे मजकूर खरा ठरतो असे मी मानत नाही. त्या लेखात चार चुका आहेत. पहिल्या तीन मी सोडून दिल्या असत्या. चौथीसाठी हे लिहितो आहे. संपादकांना एकच विनंती आहे: छापायचे तर शेवटपर्यंत छापावे, मध्ये कात्री लावून माझा गौरव तेवढा शिल्लक ठेवू नये.

लहान चुका आधी निकालात काढतो.

नागपुरात जादा दिव्यांना रिले लावण्याची पद्धत मी आणली, असे लेखात म्हटले आहे. मी आणली नाही. माझ्या उस्तादांनी आणली. ते मूळचे खापा गावचे, विणकरांच्या घरातले. त्यांचे हात सुतावर घडले आणि नंतर तांब्याच्या तारेकडे वळले. त्यांचे नाव कोणी घेत नाही, कारण त्यांनी पाटी कधी लावली नाही. दुसरी चूक: मी कोणत्याही गिऱ्हाइकाला कधी परत पाठवले नाही, असे लेखक म्हणतो. शेकडोंना पाठवले आणि मोठ्या समाधानाने पाठवले. बुटीबोरीकडचा एक ठेकेदार आपल्या पिकअपवर आठ दिवे लावून मागत होता, चार बंपरवर, चार टपावर. मी त्याला विचारले, "गाडी हाय का मांडव?" तो रागावून तीन शटर पलीकडे गोपालच्या गॅरेजात गेला. गोपालने आठही दिवे लावून दिले. आठवडाभरात ती गाडी ऐन लग्नात ठेकेदाराच्या सोयऱ्यांच्या दारात बंद पडली आणि नवरदेवाकडच्या मंडळींनी ती गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. बॅटरीत जेवढे भरले जाते त्यापेक्षा जास्त उपसले तर ती रिकामी होणार, हे समजायला मिस्त्री असण्याची गरज नाही.

तिसरी चूक मेणदोऱ्याची. मी वायरींचा जुडगा चिकटपट्टीने न गुंडाळता चांभाराच्या मेणदोऱ्याने बांधतो, ते 'देखणेपणासाठी', असे लेखकाने लिहिले आहे. मे महिन्यात नागपुरात बोनेटखाली हात घालून पाहावा. पट्टीचा डिंक वितळतो, पट्टी घसरते, वायर सैल पडून पत्र्याला घासते आणि एक दिवस तांबे उघडे पडते. मेणदोरा उन्हात सैल होत नाही. उस्ताद दर चार बोटांवर एक गाठ मारायचे, मीही तशीच मारतो. या गाठीचा आणखी एक गुण आहे, तो लेखकाला ठाऊक नव्हता. गाठ मारणाऱ्याच्या बोटांची सवय गाठीत उतरते. कोणी माझी गाठ सोडून पुन्हा बांधली, तर ती माझी राहिलेली नाही हे मला एका नजरेत कळते.

आता चौथी चूक. लेखातील वाक्य असे आहे: 'हिंगणा रस्त्यावरील अपघातानंतर सरकारी तपासणी झाली, तेव्हा मिस्त्रींच्या वायरिंगमध्ये तसूभरही दोष निघाला नाही.' या वाक्यातील एकही शब्द खोटा नाही. तरीही ते वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे मी स्वतः घडवलेले आहे.

हे समजण्यासाठी वाचकाला आमच्या कामातील एक गोष्ट कळली पाहिजे. ती अवघड नाही.

पिकअपला कारखान्यातून दोन दिवे येतात. दोघांचा उजेड लांबवर टाकायचा तो अप्पर, समोरून कोणी आले की खाली वळवायचा तो डिप्पर. कच्च्या रस्त्याने, धुक्यात माल नेणाऱ्यांना हा उजेड पुरत नाही, म्हणून बंपरवर आणखी दोन दिवे लावून घेतात. अडाणी मिस्त्री बॅटरीपासून सरळ खटक्यापर्यंत आणि खटक्यापासून दिव्यांपर्यंत वायर ओढतो. दोन दिवे मिळून जो प्रवाह ओढतात तो त्या बोटाएवढ्या खटक्याला झेपत नाही. खटका तापतो, वितळतो, कधी पेटतो. म्हणून मध्ये रिले लावायचा. रिले म्हणजे एक लहानशी डबी. तिला बारीक वायरीतून नुसता इशारा मिळतो आणि ती आतल्या आत जाड वायर जोडून देते. जाड वायर बॅटरीपासून निघते. तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज असलाच पाहिजे, आणि पत्र्याच्या भोकातून ती नेताना भोकाला रबराची कडी असलीच पाहिजे.

राहिली ती इशाऱ्याची वायर. ती कुठून घ्यायची, यावर मिस्त्री ओळखावा. मी ती अप्परच्या वायरीवरून घेतो. त्यामुळे अप्पर पेटला तरच जादा दिवे पेटतात, आणि चालकाने डिप्पर मारला की अप्परबरोबर तेही विझतात. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा झोत राहत नाही. सगळी शहाणीव या एका वायरीत आहे. ती दुसरीकडे कुठे जोडली म्हणजे डिप्पर मारूनही दिवे पेटते राहतात, ते मी येथे लिहिणार नाही. एकदा सांगितले आहे. तेवढे पुरेसे झाले.

ज्याला सांगितले त्याचे नाव प्रमोद. हिंगण्यापलीकडच्या एका गावचा, स्वतःची पिकअप चालवणारा. गावातली पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे इतरत्र जिला कोथिंबीर म्हणतात ती, रोज उजाडण्यापूर्वी नागपूरच्या बाजारात आणणे हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू, बोलका, तोंडाने थोडा फटकळ. हिवाळ्याच्या सुरुवातीला तो माझ्याकडे दिवे लावायला आला. मी दीड दिवस खपून काम केले. संध्याकाळी त्याला केबिनमध्ये बसवले, गाडी समोरच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे पेटवून दाखवले. अप्पर दिला की चार, डिप्पर दिला की दोन. त्याने खटका तीन-चार वेळा खालीवर केला.

"काकाजी, हे तं डिप्पर मारल्यावर विझून राहिले."

"विझासाठीच लावले."

"मले चालूच पायजेत."

"काहून? समोरच्यानं मरावं का?"

"समोरचा कुठं डिप्पर मारते? ट्रकवाले सरळ अंगावर येतेत. मीच काहून आंधळं व्हावं? आपला उजेड जास्त असला का सामनेवाला आपोआप दबते."

"माह्या दुकानात हे होत नाही, प्रमोद."

तो खाली उतरला, दिव्यांकडे पाहत हसला आणि म्हणाला, "होत नाही का येत नाही?"

मी पाने-पक्कड पेटीत भरू लागलो.

"नाही, गोपालभाऊ म्हणून राहिले होते. म्हणे, मिस्त्री जुना मानूस हाय, त्याले एवढंच येते."

ही गोष्ट मी नंतर पुष्कळ वेळा मनात उलगडून पाहिली आहे. तो काही वाईट बोलला नव्हता. गिऱ्हाईक असेच बोलते. परंतु ज्याचे काम पाहायला हिंगण्याच्या कारखान्यांतून इंजिनिअर येत असत, त्याला एका भाजीवाल्याने गोपालच्या तोंडून 'येत नाही' म्हणावे, हे मला सोसले नाही. मी बोनेट पुन्हा उघडले. टॉर्च हाती धरून त्याला जवळ बोलावले आणि जुडग्यातली इशाऱ्याची वायर बोटाने वर उचलली.

"हे पाय. ही एक वायर. ही इथून काढली आन् इथं लावली का झालं तुह्या मनासारखं. दोन मिनिटाचं काम. शेंबडं पोरगं करन. येत नाही म्हणते मले."

"मंग करून द्या ना."

"मी नाही करत."

"काहून?"

"कारण मले येते म्हणून."

हे उत्तर त्या वेळी मला फार सुंदर वाटले होते. प्रमोद मान हलवत गाडी घेऊन गेला. त्या रात्री मी घरी जेवताना ते उत्तर सांगितले, दुसऱ्या दिवशी लाइनीत चार जणांना सांगितले. ते ऐकून लोक हसले. मी कोणाला हे सांगितले नाही की उत्तर देण्याआधी मी त्याला सगळे दाखवून मोकळा झालो होतो.

महिनाभराने तो अपघात झाला.

मिलिंद हा तिशीतला तरुण हिंगण्याच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करीत असे. घरी पत्नी वैशाली, ती अंगणवाडीत सेविका, आणि म्हातारी आई. पहिल्या पाळीसाठी तो नागपूरहून मोटारसायकलने निघाला होता. धुके होते. समोरून प्रमोदची भाजीची पिकअप येत होती. रस्त्यावर एक लहान पूल लागतो. मोटारसायकल पुलाचा कठडा सुरू होण्याआधीच रस्ता सोडून सरळ नाल्यात गेली. दोन गाड्या एकमेकींना लागल्या नाहीत. प्रमोदच्या बाजूने एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही: तो पळाला नाही. थांबला, नाल्यात उतरला, भाजीचे गठ्ठे रस्त्यावर फेकले आणि मिलिंदला पिकअपच्या मागच्या डाल्यात घालून दवाखान्यात नेले. तेथे पोहोचेपर्यंत मिलिंद गेला होता.

प्रमोदने पोलिसांना सांगितले की समोरचा झोपेत होता, हॉर्न दिला तरी सरळ गेला. पुलाजवळच्या चहावाल्याने सांगितले की पिकअपचे दिवे इतके डोळ्यांवर येत होते की त्याला स्वतःला किटली दिसेना. म्हणून गाडी तपासायची ठरली. बंपरवर माझ्या दुकानाचे स्टिकर होते, म्हणून मला बोलावणे आले.

त्याआधी दोन दिवस आमच्या लाइनीत एक गोष्ट फिरत होती, आणि ती कोणी सोडली हे मला ठाऊक होते. मिस्त्रीच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला, दिवे विझलेच नाहीत, रिले चिकटला, असे गोपाल चहाच्या टपरीवर सांगत होता. माझा रिले चिकटला म्हणे! मी रात्रभर जागा होतो. माझ्या डोक्यात एकच विचार होता, तो असा की उद्या सर्वांसमोर हे खोटे पाडायचे. जो मेला त्याचा विचार माझ्या मनात त्या रात्री एकदाही आला नाही. हे लिहिताना लाज वाटते. म्हणूनच लिहिले पाहिजे.

पोलिस ठाण्याच्या आवारात दुपारी तपासणी झाली. परिवहन खात्याचे एक अधिकारी, दोन शिपाई, पंच म्हणून बोलावलेले आमच्या लाइनीतले तिघे आणि मागे हाताची घडी घालून गोपाल. प्रमोद गाडीच्या पलीकडे खाली पाहत उभा. अधिकाऱ्यांनी ब्रेक पाहिले, हॉर्न पाहिला, मग मला म्हणाले, "हे दिवे दाखवा."

मी किल्ली फिरवली. अप्पर दिला, चार दिवे पेटले. डिप्पर दिला, दोन विझले. दहा वेळा केले. दहाही वेळा विझले. मी गोपालकडे पाहत होतो. तो दुसरीकडे पाहू लागला. त्या क्षणी मला जे समाधान वाटले तसे माझ्या लग्नातही वाटले नव्हते.

"बोनेट उघडा," अधिकारी म्हणाले.

मी उघडले. वाकलो. आणि मला ती गाठ दिसली.

इशाऱ्याची वायर जेथे हवी तेथेच होती. परंतु माझा सांधा कथलाचा डाग देऊन, वर नळी चढवून केलेला असतो; येथे तांबे नुसते पिळून बसवले होते. त्यावरचा मेणदोरा माझाच होता, पण कापून पुन्हा बांधलेला. माझी गाठ तीन पदरी आणि आत वळलेली असते. ही वेगळी होती. दोन वळसे आणि टोक खाली खोचलेले. कोणीतरी ती वायर काढून दुसरीकडे लावली होती आणि नंतर घाईघाईने जागेवर आणून ठेवली होती.

अधिकारी माझ्या शेजारी वाकले. त्यांना तो नुसता नीटनेटका जुडगा दिसला. "मिस्त्री, यात कोणी काही फेरफार केलेला वाटतो का?"

मला वाटते, मला दोन श्वासांचा वेळ मिळाला. खरे सांगितले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: हे करायला याला शिकवले कोणी? आणि मागे गोपाल उभा होता.

"वायरिंग माहीच हाय, साहेब," मी म्हणालो. "जशी केली तशी हाय."

त्यांनी ते लिहून घेतले. मी सही केली. तिघा पंचांनी केली. चहावाला खोटा ठरला. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला 'किटली दिसत नाही का' असे विचारून चिडवू लागले. आणि मिलिंद झोपेत होता, हे कागदावर न लिहिताही सिद्ध झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रमोद दुकानात आला. त्याने टेबलावर सांबाराच्या चार हिरव्यागार जुड्या ठेवल्या.

"काकाजी, तुम्ही मले वाचवलं."

मी जुड्यांकडे पाहत होतो. त्या सुतळीने बांधल्या होत्या. दोन वळसे आणि टोक खाली खोचलेले. त्याची बोटे रोज पहाटे शेकडो जुड्यांवर हीच गाठ मारत होती. दुसरी त्यांना येत नव्हती.

"कधी लावली होती तिकडं?" मी विचारले.

"तुमच्या इथून गेलो त्याच रविवारी."

"आन् परत कधी लावली?"

"दवाखान्याच्या आवारात. त्याले आत नेलं, मंग पोलीस याच्या आंधी." मग तो म्हणाला, "तुम्हीच तं म्हटलं होतं, दोन मिनिटाचं काम."

"मी तुले वाचवलं नाही, प्रमोद. मी माह्या कामाले वाचवलं. उचल तो सांबार."

"आता काहून चिडता? मी काय मुद्दाम केलं का? तुम्ही नसतं सांगतलं तं मले काय समजते त्यातलं?"

तो गेला. जुड्या तशाच राहिल्या. दुपारपर्यंत सुकल्या, संध्याकाळी मी त्या गाईला घातल्या. सुतळ्या सोडवताना माझ्या लक्षात आले की टोक ओढले की ती गाठ सहज सुटते. चांगली गाठ आहे. तिच्या कामासाठी चांगली आहे.

पंधरवड्याने वैशालीबाई आल्या. त्यांना मी आधी पाहिले नव्हते. त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या, हात जोडून "जय भीम, काका" म्हणाल्या आणि आपण कोण ते सांगितले. मी स्टूल पुढे केले. त्या बसल्या नाहीत.

"गाडी तुम्हीच पाह्यली म्हणे."

"हो."

"तो चहावाला म्हणते, लाइट फार होता. मले फक्त एवढंच विचारायचं हाय. लाइटमध्ये काही होतं का?"

आता मला सगळे ठाऊक होते. गाठ कोणाची, वायर कधी हलली, कोणाच्या सांगण्यावरून हलली. मी म्हणालो, "माही वायरिंग ठीक होती, बाई."

त्यांनी भिंतीवर टांगलेल्या वायरींच्या भेंडोळ्यांकडे पाहिले.

"मंग ते झोपलेच असतीन," त्या म्हणाल्या. "आदल्या रात्री सासूबाईले दमा उठला होता. रातभर तिच्यापाशी बसून होते. मी म्हटलं होतं, आज सुट्टी टाका."

त्या गेल्या. मी रिलेच्या डब्या मोजत बसलो. तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा निराळा आकडा आला.

यानंतर तीन वर्षे मी गप्प राहिलो. लोक समजतात की अपराध लपवणाऱ्याला झोप लागत नाही. मला लागत होती. काम चालू होते, मानही वाढली होती. सरकारी तपासणीतून सहीसलामत सुटलेला मिस्त्री म्हणून लांबून गिऱ्हाइके येत. पुढे तयार प्लग लावलेले दिवे घरपोच मिळू लागले. मिस्त्रीची गरजच उरली नाही. आता ते दिवे पूर्वीच्या चौपट पांढरे असतात, कोणी रिलेचा विचार करीत नाही, आणि सायंकाळी हिंगणा रस्त्यावर उभे राहिले तर डिप्पर मारणारी गाडी शोधावी लागते. आम्ही आयुष्यभर जे जपले असे म्हणतो ते जपले गेलेले नाही. मी तर ते माझ्या हातांनी उघडून दाखवले.

मागच्या दिवाळीत आमच्या संघटनेने माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला आणि त्या लेखातील ते वाक्य माइकवरून वाचले. टाळ्या झाल्या. गोपालनेही वाजवल्या. घरी आल्यावर मी शाल घडी करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ता विचारत वैशालीबाईंच्या घरी गेलो.

एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मिलिंदचा फोटो आणि त्याच्या शेजारी एका म्हातारीचा, नवा हार घातलेला. मी उभ्यानेच सगळे सांगितले. प्रमोदने विचारले ते, मी दाखवले ते, गाठ, सही, सांबार. बोलताना मी एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर स्वतःची बाजू मांडू लागलो असतो, हे मला ठाऊक होते.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे झोपले नव्हते."

"नाही."

"मी लोकाईले तेच म्हणत होती आंधी. मंग सोडून देलं." त्यांनी म्हातारीच्या फोटोकडे पाहिले. "सासूबाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. दम्याचं औषध घ्यायलेच तयार नव्हत्या. म्हणत, माह्या दम्यानं माह्या लेकाले खाल्लं, आता मले कायले जगवता. मी तोंड उघडून औषध टाको, त्या थुंकून देत."

तो हार नवा का होता, हे मला तेव्हा कळले.

"सहा महिने आंधी आले असते, काका."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी उत्तर दिले असते. भांडण मला येते. राग नव्हता. त्या मला फक्त अंतर सांगत होत्या.

मी सर्व हकीकत कागदावर लिहून ठाण्यात नेली. तेथील माणूस सज्जन होता. त्याने कागद वाचला आणि सांगितले की प्रकरण केव्हाच बंद झाले, गाडी विकली गेली, दुसऱ्या राज्यात गेली. वायर नाही, गाठ नाही. प्रमोद आता म्हणतो की असे काही घडलेच नाही, मिस्त्रीला वयोमानाने भास होतात. गोपालही तेच म्हणतो, आणि त्याच्या बोलण्यात प्रथमच माझ्याविषयी आदर आहे. संघटनेतील मंडळी समजूत घालतात की झाले ते झाले, आपले नाव कशाला खराब करता. आयुष्यभर मी माझ्या कामावर ठेवलेले खोटे आरोप खोडून काढत आलो. आता एक खरा आरोप ठेवू पाहतो, तर तो कोणी ठेवू देत नाही.

कागद परत मिळाला तो मी वैशालीबाईंना दाखवायला गेलो. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "जिथं लोक वाचतीन तिथं लिहा. तुमच्या त्या पुस्तकात लिहा." मग विचारले, "किती असते त्या दिव्याचा उजेड? त्याईले काय दिसलं असन?"

मी चाळीसहून अधिक वर्षे हे दिवे लावले. प्रवाह किती, झोत किती लांब, भिंतीवर कोणत्या उंचीवर पडला पाहिजे, सर्व मला पाठ आहे. परंतु दिवे नेहमी मागे उभे राहून लावतात. मिस्त्री दिव्यामागे असतो आणि भिंत पुढे असते. समोर उभे राहून काय दिसते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. मी म्हणालो, "पाहून सांगतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी दुकानाचे शटर आतून ओढून घेतले, फटींत चिंध्या कोंबल्या. तसेच दोन दिवे स्टँडवर लावून बॅटरीला जोडले. समोर, मोटारसायकलच्या बैठकीइतक्या उंचीच्या स्टुलावर बसलो आणि लांब वायरीवरचा खटका हातात घेतला. आधी अंधाराला डोळे सरावू दिले. शटरच्या पट्ट्या, हातोड्याचा दांडा, भिंतीवरची भेंडोळी हळूहळू दिसू लागली. मग खटका दाबला, आणि तीन मोजून सोडला.

त्यानंतर काय दिसले, तर काही नाही. पांढरेही नाही, काळेही नाही. मी हात डोळ्यांसमोर धरला, तो नव्हता. मी मोजू लागलो. शटरची पहिली पट्टी दिसली तेव्हा सात झाले होते. मी म्हातारा आहे, तरुणाचे डोळे लवकर सावरत असतील, म्हणून ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा केली. सहाच्या खाली आकडा आला नाही. चाळीसच्या वेगाने मोटारसायकल एका सेकंदात अकरा मीटर जाते. सात मोजेपर्यंत ती पाऊणशे मीटरहून पुढे गेलेली असते; तो अख्खा पूलही तेवढा लांब नाही.

संध्याकाळी मी हे सांगायला गेलो. वैशालीबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या.

"सात," मी म्हणालो. "सातपर्यंत काही दिसत नाही."

"सात म्हणजे किती?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि जसे दुकानात मोजले तसे, त्याच गतीने मोठ्याने मोजू लागलो. एक. दोन. तीन. त्यांचा हात सुपात थांबला. चार.

"बस, काका," त्या म्हणाल्या. "बस झालं."